काळें, पण किती काळें?

काळ्या रंगाविषयीं आपल्या घरांतून एक प्रकारचा संकोच असतो. मंगलकार्यांत काळें वस्त्र नको, आहेरांत काळा खण नको. परंतु संक्रांतीस तेंच काळें लुगडें हौसेनें नेसावयाचें, तान्ह्या मुलाच्या गालावर त्याच काळ्याची तीट लावावयाची, आणि मंगळसूत्राच्या मण्यांस तर दुसरा रंग चालावयाचाच नाहीं. म्हणजे काळें हें अमुक जागीं वर्ज्य व तमुक जागीं अवश्य, एवढें आपण जाणतों. पण काळें म्हणजे किती काळें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. काजळ काळें, छत्री काळी, तवा काळा. एकदां काळें म्हटलें कीं बोलणें संपलें. आमच्या घरीं मात्र गेल्या पावसाळ्यांत हाच प्रश्न उपस्थित झाला आणि सुमारें दीड महिना त्याचा खल चालला. त्या खलांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें मांडावें, इतकाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या मातोश्रींस दोन वर्षांमागें अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, आणि वाचा गेली नाहीं तरी आवाज इतका क्षीण झाला कीं, तो उशापाशीं बसलेल्या माणसासच ऐकूं यावा. घर एकत्र कुटुंबाचें. माणसांची वाण नाहीं. पण एकत्र कुटुंबाची गंमत अशी कीं, माणसें पुष्कळ असलीं म्हणजे प्रत्येकास वाटतें, दुसरें कोणी तरी जवळ असेलच. बाजारांतून कळ दाबण्याची घंटा आणून आईच्या उशाशीं ठेवली. परंतु ती कळ दाबण्याइतकें बळ तिच्या डाव्या हाताच्या बोटांतहि उरलें नव्हतें.

माझी पुतणी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनें सुचविलें कीं, दाबावयाची कळच नको. तळहाताएवढी तांब्याची पट्टी उशालगत असावी, आणि आजीनें तिच्यावर नुसता हात टेकला कीं स्वयंपाकघरांत दिवा लागून घंटा वाजावी. मनुष्याचा हात तांब्याजवळ आला म्हणजे त्या तांब्याची विद्युत् सांठविण्याची शक्ति किंचित् वाढते. हा फरक ओळखणारी मसुरीच्या दाण्याएवढी चिप बाजारांत मिळते. सर्व काम तीन साध्या पेशींवर चालत असल्यामुळें धक्क्याचें भय नाहीं. तयार स्पर्शकळाहि मिळतात, पण त्यांची पट्टी बोटाच्या पेराएवढी. आईचा थरथरता हात नेमका तेवढ्या जागीं पडणें कठीण. म्हणून फलक घरींच करावयाचा असें ठरलें. आणि खरें सांगावयाचें तर, तिला तो स्वतःच्या हातांनीं करून पाहावयाचा होता, हेंहि एक कारण होतेंच.

असा सर्किटचा फलक म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कांचेचे तंतु व राळ यांचा सुमारें १.६ मिलिमीटर जाडीचा तक्ता असतो, आणि त्यावर ३५ सहस्रांश मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पापुद्रा चिकटविलेला असतो. ज्या वाटेनें वीज जावयाची तेवढें तांबें राखावयाचें आणि बाकीचें रसायनाकडून खाववून टाकावयाचें. राखावयाच्या भागावर चिलखत हवें. हें चिलखत म्हणजे फोटोरेझिस्ट, अर्थात् प्रकाशानें गुण पालटणारा पातळ लेप. त्याच्या दोन जाती आहेत. एका जातीवर प्रकाश पडला कीं तो लेप सौम्य क्षारांत विरघळूं लागतो. दुसऱ्या जातीवर प्रकाश पडला कीं तो उलट टणक होतो. आमच्या पुतणीनें पहिल्या जातीचे, लेप लावूनच मिळणारे फलक आणले होते. तेव्हां जेथें तांबें राखावयाचें तेथें प्रकाश पडतां कामा नये. म्हणून पारदर्शक पत्र्यावर सर्किटचें चित्र काळ्या रंगांत छापावयाचें, तो पत्रा लेपावर ठेवावयाचा, वर कांच दाबावयाची व दिवा लावावयाचा. काळ्याच्या सांवलीखालीं लेप टिकतो व उजेडांतला धुऊन जातो. सर्व भिस्त त्या काळ्यावर.

मी या उद्योगांत ओढला गेलों याचें कारण असें कीं, मीं उमेदीचीं वर्षें ब्लॉक करण्याच्या धंद्यांत घालविलीं. मासिकांतील रेघांचीं चित्रें पूर्वीं जस्ताच्या ठशांवरून छापीत असत. चित्रकाराच्या चित्राची मोठ्या कॅमेऱ्यानें लिथ फिल्मवर उलटी प्रत घ्यावयाची, ती लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर ठेवून प्रकाश द्यावयाचा, आणि उघडें पडलेलें जस्त नत्राम्लानें खाववावयाचें, असा तो व्यवहार. फिल्म उजेडाच्या मेजावर ठेवून काळ्यांत राहिलेलीं टांचणीच्या अग्राएवढीं भोंकें बारीक कुंचल्यानें बुजविण्यांत आमच्या दुपारच्या दुपार जात. जस्ताच्या जागीं तांबें व ठशाच्या जागीं विजेची वाट एवढा पालट केला कीं, पुतणीचें काम तें माझेंच काम.

किंबहुना हें काम माझ्याहूनहि पुष्कळ वडील आहे. फ्रान्समध्यें निसेफोर निएप्स यानें १८२६ सालीं एका धर्मगुरूच्या छापील चित्राचा कागद पारदर्शक करून घेतला, तो डांबरासारख्या एका पदार्थाचा लेप दिलेल्या पत्र्यावर ठेवला आणि उन्हांत धरला. ऊन लागलें तेथें लेप घट्ट झाला; शाईच्या रेघांखालचा मऊ राहिला व तेलानें धुऊन निघाला. मग आम्लानें पत्रा खोदून त्यावरून चित्रें छापलीं. छायाचित्रणाच्या जन्मकथेंत निएप्सचें नांव सर्वत्र येतें, परंतु सर्किटच्या फलकाचा आद्य पुरुषहि तोच म्हटला तर चूक होणार नाहीं. पुढें व्हिएन्नांत जन्मलेला व इंग्लंडांत जाऊन राहिलेला पॉल आइस्लर यानें १९३६ च्या सुमारास तारांचें जंजाळ टाकून छापलेल्या तांब्यावर रेडिओसंच उभा केला. निएप्सला काय नि आइस्लरला काय, अडचण एकच असली पाहिजे: जेथें प्रकाश नको तेथें तो खरोखर जातां कामा नये.

पुतणीनें पहिलें चित्र बाहेरच्या एका दुकानांतून पारदर्शक पत्र्यावर छापून आणलें. पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिलें तर पट्टी काळीभोर, रेघा रेखीव. सर्वांनीं वाहवा केली. फलक तयार झाला, घटक बसवून त्यांस कथलाचा डाख दिला आणि तो आईच्या उशाशीं नेला. आईनें हात टेकला आणि दाराकडे पाहिलें. घंटा वाजली नाहीं. तिनें हात उचलून पुन्हां टेकला. तरीहि नाहीं. "होईल ग," असें ती पुटपुटली, आणि पुतणी फलक घेऊन तेथून निघून गेली.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तो भिंगाखालीं पाहिला. मोठ्या पट्टीच्या पृष्ठभागावर देवीच्या वणांसारखे खळगे पडले होते. त्यांनीं कांहीं बिघडलें नसतें; पण त्या पट्टीकडून चिपकडे जाणारी रेघ पाव मिलिमीटर रुंदीची, आणि तींत एके ठिकाणीं केसाएवढी फट होती. तांबें तेथें साफ खाल्लें गेलें होतें. मग मूळचा पत्रा खिडकीशीं धरला, तेव्हां रहस्य उलगडलें. पांढऱ्या कागदावरचें तें काळेंभोर उजेडासमोर राखी दिसूं लागलें, आणि त्यांत पिठाच्या चाळणीसारखीं छिद्रें दिसलीं.

येथें पुतणीनें जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. ती म्हणाली, "काका, मग कागदावर तें काळें कां दिसलें?" याचें उत्तर असें आहे. कागदावर ठेवलेल्या काळ्यांतून प्रकाश एकदां खालीं जातो, पांढऱ्यावर आपटतो आणि त्याच काळ्यांतून पुन्हां वर येतो. त्याला दोनदां जकात भरावी लागते. म्हणून अर्धवट काळेंहि तेथें पुरतें काळें भासतें. फलकावर मात्र प्रकाशाला एकदांच उतरावयाचें असतें. सबब कोणतेंहि काळें पारखावयाचें असल्यास तें पांढऱ्यावर ठेवून पाहूं नये; दिव्यासमोर धरून पाहावें.

आमच्या धंद्यांत काळेपणास माप असे. त्यास घनता म्हणत. हिशेब सोपा आहे. शंभर भाग प्रकाश पडून दहा भाग आरपार गेला तर घनता एक. एक भाग गेला तर दोन. एका भागाचाहि दहावा हिस्सा गेला तर तीन. लिथ फिल्मचें काळें चारापर्यंत सहज पोंचे. आतां असें समजा कीं, उघड्या जागेंतील लेप पुरता पालटण्यास १८० सेकंद प्रकाश लागतो. काळ्याची घनता एक असेल तर त्याखालच्या लेपास तेवढ्या अवधींत १८ सेकंदांचा प्रकाश मिळाला असें होतें. घनता दोन असेल तर दोन सेकंदांहून कमी. तीन असेल तर एका सेकंदाच्या पांचव्या हिश्शाहूनहि कमी. अठरा सेकंदांनीं लेप दुबळा होतो, आणि क्षारांत घातला कीं राखावयाचा भागहि पातळ होऊन जागोजाग उघडा पडतो. आमच्या रेघेचें हेंच झालें होतें.

परंतु घनता कोणाच्या दृष्टीनें मोजावयाची, हा याहून खोल प्रश्न आहे. आपल्या डोळ्यांस तांबडें, हिरवें, पिवळें सर्व दिसतें. या लेपास तें दिसत नाहीं. त्याला निळ्या-जांभळ्या व त्यापलीकडच्या अदृश्य प्रकाशाचेंच ज्ञान आहे. सुमारें ३५० पासून ४५० नॅनोमीटरपर्यंतच्या लहरींचें. म्हणूनच पिवळ्या दिव्याखालीं तो निर्धास्तपणें हाताळतां येतो. याचा परिणाम दोन्ही बाजूंनीं होतो. कित्येक इंकजेट यंत्रांतील विरघळणाऱ्या रंगांची शाई आपल्या डोळ्यांस डांबरासारखी काळी दिसते, पण जांभळ्यापलीकडचा प्रकाश तींतून खुशाल निसटतो. उलट रुबीलिथ नांवाची तांबडी फिल्म आपल्याला आरपार दिसते, पण तिच्यांतून निळा प्रकाश जात नसल्यानें लेपाच्या लेखीं ती अमावास्येची रात्र असते. इंटेलच्या ४००४ या १९७१ सालीं बाजारांत आलेल्या सुप्रसिद्ध चिपचे आराखडे अशाच तांबड्या फिल्मवर हातानें कापलेले होते. सारांश, आपल्याला जें काळें तें लेपाला काळें असेलच असें नाहीं, आणि लेपाला जें काळें तें आपल्याला तांबडेंहि दिसूं शकेल.

दोघांनाहि सारखेंच काळें असें एक द्रव्य मात्र आपल्या घरोघर पिढ्यान्पिढ्या होतें, तें म्हणजे काजळ. काजळ हा शुद्धप्राय कार्बन. तो दृश्य-अदृश्य असा भेद न करितां सर्व प्रकाश गिळतो. आमच्या फडताळांत पणजोबांच्या हातची एक पोथी आहे. काजळ व डिंक यांच्या शाईनें बोरूनें लिहिलेलीं तींतील अक्षरें आजहि ठसठशीत आहेत, आणि आमच्या शाळेच्या वह्यांतील शाई केव्हांच पिवळट होऊन गेली. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग छापलें. त्यांनीं शाईसकट छपाईचा बराचसा सरंजाम स्वतःच्या खटपटीनें सिद्ध केला होता. काळें हें विकत आणून भागत नाहीं, तें साधावें लागतें, हें या मंडळींस ठाऊक होतें. आजच्या लेसर प्रिंटरच्या टोनरमध्यें आणि कणदार शाईच्या इंकजेटमध्येंहि काळेपणा येतो तो बहुधा या कार्बनचाच.

मग लेसरनें छापलेलें काळें अपुरें कां पडलें? कारण टोनर म्हणजे प्लॅस्टिकची पूड. ती विजेच्या आकर्षणानें कागदावर बसते व उष्णतेनें चिकटते. कणाकणांत फट राहते, आणि मोठ्या काळ्या मैदानांत कडेला पूड दाट व मध्यें विरळ बसण्याकडे तिचा कल असतो. त्यांतून दुकानदार टोनर वांचविण्याची युक्ति योजीत असतील तर विचारूंच नका. यावर उपाय आहेत, आणि ते आम्हीं एकेक करून पाहिले. यंत्रांत टोनर बचतीची योजना बंद करावी, काळेपणा शेवटच्या टोंकास न्यावा आणि कागदाचा प्रकार जाड असा निवडावा, म्हणजे यंत्र अधिक तापतें व टोनर नीट वितळतो. गुळगुळीत पारदर्शक पत्र्याऐवजीं नकाशे काढण्याचा ट्रेसिंग पेपर घ्यावा; त्याच्या किंचित् खरबरीत अंगावर टोनर चांगला धरतो. तो अर्धपारदर्शक असल्यामुळें प्रकाश थोडा अधिक वेळ द्यावा लागतो, एवढेंच. तो तापला कीं आखडतो, म्हणून आधीं कोराच यंत्रांतून काढून लगेच त्यावर छापावें. याहि उपर, एकच चित्र दोनदां छापून दोन्ही पत्रे तंतोतंत एकावर एक ठेवावे. यांतली खुबी अशी कीं घनतांची बेरीज होते: दीड अधिक दीड, तीन. शिवाय एका पत्र्यांतील छिद्रासमोर दुसऱ्यांतील छिद्र येण्याचा संभव फार थोडा.

ॲसिटोनच्या वाफेवर टोनर धरला असतां त्याचे कण विरघळून एकजीव होतात, हाहि एक मार्ग सांगतात. पण ती वाफ ज्वालाग्राही. ज्या घरांत देवाजवळ समई तेवते आणि पलीकडच्या खोलींत शेगडी पेटलेली असते, तेथें हा प्रयोग नको, असें वहिनींनीं निक्षून सांगितलें. तो निकाल सर्वांनीं शिरसावंद्य मानला.

आणखी एक बारकावा. चित्र आरशांतल्यासारखें उलटें छापावें, म्हणजे पत्रा पालथा घातल्यावर छापलेली बाजू थेट लेपास टेकते. ती वर राहिली तर पत्र्याच्या जाडीएवढ्या अंतरांतून प्रकाश तिरपा शिरून रेघेच्या कडा खातो. मोठ्या पट्टीला याचें सुखदुःख नाहीं. पाव मिलिमीटरच्या रेघेला मात्र तो जीवनमरणाचा प्रश्न आहे.

इतकें करूनहि वरच्या पत्र्यांत पांच-सात छिद्रें उरलींच. तेव्हां मीं कुंचला मागविला. नकाशे काढण्याची काळी शाई, म्हणजे पुन्हां काजळाचीच, बशींत घेतली. खिडकीच्या कांचेवर पत्रा चिकटवून एकेक छिद्र टिपलें. शाई फार ओली असली कीं ट्रेसिंग पेपर फुगतो, म्हणून कुंचला जवळजवळ कोरडा ठेवावा लागतो. अनेक वर्षें त्या कामाशीं संबंध नव्हता, तरी हात विसरला नव्हता. पुतणी शेजारीं उभी राहून पाहत होती. अर्धीं छिद्रें झाल्यावर मीं कुंचला तिच्या हातीं दिला.

प्रकाशासाठीं दिवा घरांतच निघाला. धाकट्या भावाच्या मुलीकडे नखांवरचें रोगण पक्कें करण्याचा जांभळा दिवा आहे. तो या लेपास उत्तम चालतो. "ताईचा फलक झाला कीं दिवा पुसून परत" या अटीवर तो मिळाला. ऊनहि चाललें असतें, परंतु श्रावणांतल्या उन्हाचा भरंवसा कोणीं धरावा! मग छायाचित्रकारांची जुनी रीत वापरली. फलकाचा एक लहान तुकडा घेऊन त्यावर कागद झांकला, व तो दर अर्ध्या मिनिटानें थोडा थोडा सरकवीत गेलों. म्हणजे एकाच तुकड्यावर अर्ध्या मिनिटापासून पांच मिनिटांपर्यंतच्या पायऱ्या पडल्या. तो क्षारांत घालतांच दिसलें कीं, उघडा लेप तीन मिनिटांत पुरता जातो, आणि नव्या काळ्याखालचा लेप पांच मिनिटांनींहि हालत नाहीं. चांगल्या काळ्याचा खरा लाभ हा आहे. तें चुकीला जागा देतें. काळें विरळ असेल तर वेळ सेकंदासेकंदानें सांभाळावा लागतो. तें दाट असेल तर मिनिटभर इकडेतिकडे झालें तरी काम बिघडत नाहीं.

रसायनांविषयीं दोन शब्द लिहिणें माझें कर्तव्य आहे, कारण ज्या घरांत लहान मुलें वावरतात तेथें हा खेळ नव्हे. लेप धुण्यासाठीं कॉस्टिक सोडा लागतो. लिटरभर थंड पाण्यांत सुमारें सात ते दहा ग्रॅम. सोडा पाण्यांत घालावा, सोड्यावर पाणी ओतूं नये. हातमोजे व डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा. तांबें खाण्यासाठीं फेरिक क्लोराइडचें द्रावण वापरतात. त्याचा डाग कपड्यावर वा फरशीवर पडला तर तो जात नाहीं, आणि धातूच्या मोरीला तें खातें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वापरून झालेल्या द्रावणांत तांबें उतरलेलें असतें, व तें जलचरांस विषारी आहे. तें मोरींत ओतणें म्हणजे आपल्या घरचा केर नदीच्या पदरांत टाकणें होय. आमच्या पुतणीनें तें प्लॅस्टिकच्या डब्यांत भरून, वर ठळक चिठ्ठी लावून, आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत विल्हेवाटीसाठीं नेऊन दिलें.

या दीड महिन्यांत माझे वडील बंधु, म्हणजे पुतणीचे वडील, एक गोष्ट वारंवार बोलून दाखवीत. "अग, आराखडा पाठवून पैसे भरले कीं कारखान्यांतून उत्तम फलक घरपोंच येतो. हा खटाटोप कशाला?" त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. कारखान्याचा फलक अधिक रेखीव असतो, भोंकांना आंतून तांबें चढविलेलें असतें, वर हिरवा संरक्षक थर असतो, आणि खर्चहि बेताचाच येतो. दहा फलक हवे असतील तर मीहि तोच सल्ला देईन. पण पहिला फलक निकामी ठरला त्या रात्रीं पुतणीनें वडिलांना जें उत्तर दिलें तें मला विचार करावयास लावणारें वाटलें. ती म्हणाली, "बाबा, कारखान्यांतून आलेला फलक चालला नसता तर मी दुसरा मागविला असता. हा कां चालला नाहीं तें मला ठाऊक आहे." दादा यावर कांहीं बोलले नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं ट्रेसिंग पेपरची गुंडाळी त्यांनींच आणून दिली.

मला वाटतें, घरीं वस्तु करण्याचें समर्थन स्वस्ताईनें होत नाहीं, व सरसतेनेंहि होत नाहीं. आमच्या आयाबायांनीं लोणचें, पापड, काजळ घरीं केलें, तें बाजारांत मिळत नव्हतें म्हणूनच केवळ नव्हे. खार कां सुटला, पापड कां फाटला, हें ज्ञान घरांत राहावें, हाहि त्यांतला लाभ होता. विकत घेतलेल्या वस्तूबरोबर तिचें कारण विकत मिळत नाहीं. आमच्या ब्लॉकच्या धंद्याचें झालें तेंच पाहा. ऑफसेट छपाई आली, संगणक आले, आणि तो धंदा मावळला. तो मावळावयाचाच होता, त्याबद्दल तक्रार नाहीं. पण काळें उजेडासमोर धरून पाहण्याची संवय त्याबरोबर मावळण्याचें कांहींच कारण नव्हतें. ती एका मुलीच्या हातीं गेली, याचें मला समाधान वाटतें तें शब्दांत सांगतां येणार नाहीं.

दुसरा फलक भाद्रपदांत पुरा झाला. भिंगाखालीं पट्टी आरशासारखी निघाली, रेघ अखंड. पट्टीवर पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटविला. स्पर्श त्यांतूनहि कळतो आणि तांबें घामानें काळवंडत नाहीं. आतां तो फलक आईच्या डाव्या हाताखालीं असतो. पहिले दोन-तीन दिवस घंटा उगाचच वाजे, कारण झोंपेंत हात तेथें पडे. तेव्हां फलक वीतभर वर सरकविला. तेव्हांपासून ती वाजते ती कामासाठींच. क्वचित् रात्रीं अकराच्या सुमारास वाजते. कोणी धांवत गेलें तर आई विचारते, "ती पोर अजून जागीच आहे का? तिला म्हणावें, दिवा मालव आतां."

वाचकांपैकीं फार थोडे असे फलक करूं लागतील हें मी जाणतों. पण ज्यांच्या घरांतील मुलगा वा मुलगी असला कांहीं उद्योग आरंभील, त्यांस एकच विनंति आहे. पहिली वस्तु बिघडली कीं "विकत आण" असें लगेच म्हणूं नका. ती कां बिघडली एवढें त्यांच्याबरोबर बसून पाहा. पांढऱ्या कागदावर सर्वच काळें सारखें दिसतें. उजेडासमोर धरावयास एक जास्तीचा हात लागतो, आणि तो हात घरांतल्या वडील माणसाचा असला तर फार बरें.